ओल्या पाटीच्या रंगाची तबकडी

घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव चव्वेचाळिसाव्या वर्षीही चिकटून होतं, आणि खरं सांगायचं तर शोभतही होतं. जेवता जेवता तीनदा उठेल, फोनवर बोलताना खोलीभर फिरेल, सिनेमाला गेली तर मध्येच बाहेर जाऊन पाणी पिऊन येईल. अशा बाईने पोटापाण्याला धंदा निवडला कोणता, तर घड्याळाच्या तबकड्या काढण्याचा. नाण्याएवढी जागा आणि केसाएवढ्या रेघा. दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसायचं काम. देवालाही कधीकधी थट्टा सुचते, दुसरं काय म्हणायचं.

त्या आठवड्यात मात्र तिच्या अस्वस्थपणाला कारण होतं. शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीत एका कागदावर सही व्हायची होती. ती झाली की तिची तबकडी, तिने काढली तशीच्या तशी, कारखान्यात जाणार होती. अकरा वर्षांत हे एकदाही घडलं नव्हतं. दर वेळी शेवटच्या बैठकीत कुणीतरी घसा साफ करून म्हणे, छान आहे हो, फक्त जरा फिकी करू. आणि मग ती फिकी होई, आणखी फिकी होई, आणि दुकानाच्या काचेआड दिसे तेव्हा भिंगरीला आपलंच लेकरू ओळखू येत नसे.

भांडण मुळात उजेडाचं होतं. तिचा कारखाना उजेडावर चालणारी घड्याळं बनवी. अशा घड्याळात तबकडीच्या खाली सोलर सेल असतो. तबकडीतून उजेड आत झिरपायचा, सेलने तो घ्यायचा, बॅटरीत साठवायचा. म्हणजे तबकडी पातळ हवी, फिकट हवी, अगदी दुधाच्या पिशवीसारखी हवी. पण तशी केली की खालचा सेल दिसतो, जांभळट, मळकट, मधोमध फुलीसारख्या रेघा. गिऱ्हाईक ते बघतं आणि हात मागे घेतं. तबकडी गडद केली तर घड्याळ देखणं दिसतं आणि उपाशी मरतं.

तिच्या समोरच्या टेबलावर सेलवाला बसे. सेल आणि बॅटरी त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला सेलवालाच म्हणत. माणूस सज्जन, पण एकच पालुपद.

"आधी पोटोबा, मग विठोबा, बाई."

"विठोबाच नसला तर पोटोबाला दुकानातून घरी नेणार कोण?" ती म्हणे.

असं रोज. बाकीच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की दोघं गप्प बसली तर कुणीतरी विचारी, आज तब्येत बरी आहे ना.

तर या खेपेला तिने काढला होता ओल्या पाटीचा रंग. शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसली की पहिल्या क्षणी दिसतो तो. काळा नव्हे, करडा नव्हे, आत कुठेतरी निळा. तो साधायला तिने तबकडीवर बारीक तिरप्या रेघा कोरल्या होत्या. प्रत्येक रेघेच्या एका अंगाला रंग, दुसरं अंग कोरं. समोरून पाहिलं की रंगच दिसे आणि कोऱ्या अंगाने उजेड आत शिरे. दीड वर्ष गेलं होतं त्यात. एवढं करून शंभरातले अठरा हिस्से उजेड आत जात होता. सेलवाल्याला पंचवीस हवे होते.

"अठरावर नाही चालणार," तो म्हणाला.

"चालेल," ती म्हणाली.

"घड्याळाची डबी बघा किती पातळ आहे. आतली साठवण जेमतेम आठ दिवसांची. रोजचं रोज पोट भरलं नाही तर नवव्या दिवशी आडवं."

"भरेल पोट."

साहेबांनी कानांवर हात ठेवले. "तोंडाची वाफ दवडू नका. घालून दाखवा. सहा आठवडे. एक घड्याळ बाईंच्या हातात, एक बाहेरच्या माणसाच्या. नेहमीसारखं वागायचं, मुद्दाम उन्हात धरायचं नाही, दिव्याखाली ठेवायचं नाही. दोन्ही चालली तर ओल्या पाटीवर सही. एक जरी बंद पडलं तर दुधी."

दुधी म्हणजे तिचीच एक जुनी, सगळ्यांनी मिळून फिकी केलेली तबकडी. ती फाइलमध्ये तयार होती.

बाहेरचा माणूस म्हणून तिने वडिलांचं नाव सुचवलं. सेलवाला हसला. "आपला तो बाब्या म्हणतात, तसं आपले ते बाबा?" पण तिने बाबांची माहिती सांगितली तेव्हा तो हसायचा थांबला. बाबा बाराही महिने मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालत, बटण लावून. त्यात पायांच्या सुजेवर त्यांना एक गोळी चालू होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळीवर ऊन चालत नाही, कातडी भाजून निघेल. म्हणजे घराबाहेर पडणं कमीच. आणि निवृत्त होण्याआधी एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतली वजनं आणि काटे तपासले होते. खोट्या वजनावर शिक्का मारला नाही म्हणून दोनदा बदली झालेला माणूस.

"यापेक्षा अवघड हात मला शोधून सापडला नसता," सेलवाला म्हणाला. "चालेल."

सहा आठवडे भिंगरी देव पाण्यात ठेवून बसली होती. बसली म्हणजे बोलण्यापुरतं. फ्रिजच्या दारावर तिने एक कागद चिकटवला. बाबांनी रोज संध्याकाळी त्यावर तारीख घालायची, घड्याळ चालू की बंद ते लिहायचं आणि खाली सही करायची. ती घरात शिरली की चपला काढायच्या आधी विचारी, "चालतंय ना?"

"चालतंय."

"सेकंदकाटा उड्या मारत नाही ना? भूक लागली की दोन-दोन सेकंदांची उडी मारतो तो."

"नाही गं. सरळ चाललाय. तू आधी पाणी पी."

कागदावर एकाखाली एक 'चालू' जमत गेले. बाबांचं अक्षर कोरून काढल्यासारखं, सही तर सरकारी शिक्क्याच्या थाटाची. तिचं स्वतःचं घड्याळही छान चाललं होतं. तिने सेलवाल्याला टोमणे मारायला सुरुवात केली. तो नुसता तिच्या मनगटाकडे बघे आणि परत आपल्या पडद्याकडे वळे. भिंगरीला वाटे, हरतोय बिचारा.

गुरुवारी ती लवकर घरी आली. उद्याच्या बैठकीसाठी बाबांचं घड्याळ आणि तो कागद न्यायचा होता. बाबा खिडकीपासून लांब, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते.

"द्या घड्याळ. आज सुटका तुमची," असं म्हणत तिने त्यांचा हात धरला. घाईत जरा जोरातच धरला.

बाबांनी हात असा झटक्यात ओढला की खुर्ची हलली.

"काय झालं?"

"काही नाही. डास चावलाय."

"बघू."

"बघायचं काय त्यात? डासाला काय बघतेस?"

पण ऐकेल तर ती भिंगरी कसली. तिने बटण काढलं आणि बाही वर सरकवली. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत तांबडीकाळी झाली होती. मध्ये मध्ये पापुद्रे सुटले होते, दोन ठिकाणी फोड फुटून ओले राहिले होते. घड्याळाचा पट्टा असायचा तेवढी एक पांढरी स्वच्छ पट्टी. तिने दुसरी बाही वर केली. उजवा हात नेहमीसारखाच, गोरा आणि सुरकुतलेला.

तिला कळायला वेळ लागला नाही. अकरा वर्षं उजेडाचाच हिशेब केला होता तिने.

"कुठे बसत होता?"

बाबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "गच्चीवर. अकरा ते एक. रोज नाही. पाऊस असला तर नाही."

"बाबा, तुम्हाला ऊन वर्ज्य आहे."

"एकच हात बाहेर ठेवत होतो. डोक्यावर छत्री असायची."

"कधीपासून?"

"नवव्या दिवसापासून. नवव्या दिवशी बंद पडलं ते. दुपारी, तीन वाजून वीस मिनिटांनी. मी हलवलं, कानाशी धरलं. मग वाटलं, यात त्याची काय चूक, आपल्याच बाह्या लांब. तासभर उन्हात धरलं तर लागलं चालायला. वेळ लावली, आणि संध्याकाळी तू आलीस आणि विचारलंस."

"आणि तुम्ही चालू लिहिलंत."

"संध्याकाळी चालूच होतं ते."

वाक्य त्यांनी वकिलासारखं टाकलं खरं, पण टाकून मान खाली घातली. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानदारांच्या असल्या वाक्यांना भीक घातली नव्हती, त्याला आपलं वाक्य कसं ऐकू आलं असेल ते भिंगरीला त्या मानेवरून दिसलं. तिला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. ती उठली, मलम शोधायला लागली, दोन कप्पे उपसले, मलम हातात असताना तिसरा कप्पा उघडला. मग येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"अकरा वर्षं तुझं तोंड बघतोय मी," बाबा म्हणाले. "दर वेळी बैठकीहून येतेस आणि म्हणतेस, फिकी केली. जेवत नाहीस दोन दोन दिवस. म्हटलं, या वेळी होऊ दे एकदा. एक हात काळा झाला तर काय बिघडलं? उद्या सही घे. झाकली मूठ राहू दे. तुला ठाऊक, मला ठाऊक."

लपवायचं कशाला, भिंगरीलाही ते पटलं होतं. तिने मनातल्या मनात सगळी जुळवाजुळव केली. बाबांची बाही खूपच लांब, गोळीमुळे घरातच बसणारा माणूस, असं गिऱ्हाईक हजारात एक. तिचं स्वतःचं घड्याळ तर कसल्याही मदतीवाचून सहा आठवडे चाललं होतं. म्हणजे तबकडी चांगलीच होती. बाबांनी नसता उपद्व्याप केला एवढंच. या विचाराने तिला झोपसुद्धा लागली, हे नवल.

सकाळी बसमध्ये गर्दी नव्हती. ती उन्हाच्या बाजूला खिडकीशी बसली. बाबांचं घड्याळ आणि फ्रिजवरचा कागद पिशवीत. समोरच्या सीटवरची एक बाई तिच्याकडे एकटक बघत होती. थोड्या वेळाने ती बाई म्हणाली, "हात दुखतोय का हो तुमचा?"

"नाही. का?"

"मगाचपासून असा धरून बसलाय म्हणून विचारलं."

भिंगरीने खाली पाहिलं. तिची डावी बाही कोपरापर्यंत सारलेली होती. हात खिडकीच्या कडेवर टेकवलेला, मनगट उन्हाकडे वळवलेलं, आणि ओल्या पाटीची तबकडी ऊन घेत मजेत पडली होती. हे सगळं तिने कधी केलं ते तिला आठवेना. आठवायचं काय, ती रोजच करत होती. रंग कसा दिसतो ते बघायला खिडकीशी धरायचं, दिव्याखाली तिरपं करायचं, चहा पितानाही मनगट वर. सहा आठवडे, दिवसातून पन्नास वेळा. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. आपलंच काम डोळाभरून बघत राहिली होती, आणि तेवढ्या बघण्यावर ते जगलं होतं.

तिने बाही खाली ओढली आणि बटण लावलं. उरलेल्या सगळ्या वाटेवर तिला ती बाही टोचत राहिली. दोन स्टॉप आधीच ती उतरली आणि चालत सुटली, कारण बसून राहणं शक्य नव्हतं.

साहेबांच्या खोलीत कागद तयार होता, पेन शेजारी. सेलवाला आधीच येऊन बसला होता. ती बसायच्या आत तो म्हणाला, "मला आधी बोलू द्या. मी हरलो. अठरावर चालतं हे दिसलं. बाईंनी करून दाखवलं, आणि कागदावर त्यांचं नाव पहिलं असावं असं मला वाटतं."

अकरा वर्षं या माणसाच्या तोंडून हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. आणि बोलला तो आज. साहेबांनी पेन तिच्याकडे सरकवलं. तिने ते उचललं, टोपण काढलं. तिचं नाव खरंच वर होतं, एकटं, पूर्ण. सही करायला तीन सेकंदसुद्धा लागले नसते.

तिने टोपण परत लावलं.

"बाबांचा कागद खोटा आहे," ती म्हणाली. "घड्याळ नवव्या दिवशी बंद पडलं होतं. त्यानंतर ते जवळजवळ रोज दोन तास उन्हात बसून त्याला भरत होते. हात भाजून घेतलाय त्यांनी." तिने पिशवीतून बाबांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आणि माझंही खरं नाही. मी दिवसभर ते उजेडात धरते. मला आज कळलं."

सेलवाला टेबलाकडे बघत म्हणाला, "बाईंचं मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"समोरच बसतो मी. सहा आठवडे बघतोय. बोलताना दिव्याखाली, फोनवर खिडकीशी. तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीस? तुझाच तर हट्ट होता पंचविसाचा."

सेलवाल्याने मान खाजवली. "मलाही आवडली होती ती तबकडी. वाटलं, चालतंय तर चालू दे."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी कागद उचलून फाइलमध्ये घातला. "दुधी जाईल," ते म्हणाले. "बाई, तिच्यावरचे आकडे जरा ठसठशीत करून सोमवारपर्यंत द्या. आणि पुन्हा कधी घड्याळ घालून बघायची वेळ आली, तर असा माणूस शोधा ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही."

ती आपल्या टेबलाशी परतली आणि दुधीचे आकडे ठसठशीत करायला घेतले. तीन तास जागेवरून उठली नाही. सेलवाल्याने दोनदा विचारलं, "बाई, चहा?" दुसऱ्यांदा त्याने तो आणूनच ठेवला. गार होईपर्यंत ती चहाकडे बघत बसली.

घरी पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते. धुतलेला शर्ट, दोन्ही बाह्या बंद.

"झाली सही?"

हो म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. वाटेत तिने ते दहादा घोळवून पाहिलं होतं. पण हो म्हटलं असतं तर हा माणूस तेच घड्याळ परत हातात घालून उद्या अकरा वाजता पुन्हा गच्चीवर गेला असता. परवाही गेला असता. पोरीचं घड्याळ बाजारात आहे आणि आपल्या हातावरचं बंद आहे, हे त्यांनी कधीच चालू दिलं नसतं.

"नाही झाली. मी सांगितलं त्यांना."

"सगळं?"

"सगळं."

"माझं नाव घेऊन?"

"हो, बाबा."

ते खुर्चीकडे गेले आणि हळूच बसले. "एकतीस वर्षांत माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग होता आणि त्याहून जास्त लाज होती. "आता ठेवलं गेलं. तेही तुझ्या हातून."

तिला म्हणायचं होतं, चूक तुमची नाही, माझी आहे. पण चूक त्यांचीही होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिने मलमाची डबी आणली, जमिनीवर बसली, त्यांचं बटण काढलं. या वेळी त्यांनी हात ओढला नाही.

"फिकी केली?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"दुधी घेतली."

"अरेरे." मग म्हणाले, "सांगितलंस ते बरोबर केलंस. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मीही टराटरा फाडला असता."

"मला माहीत आहे."

"पुन्हा काढशील ना? गडद?"

"काढेन. उजेड बाविसापर्यंत नेते म्हणते. वर्ष जाईल."

"जाऊ दे." त्यांनी मोकळ्या हाताने तिच्या केसांत अडकलेला दोरा काढला. "पण भिंगरे, तेव्हा घड्याळ मला देऊ नकोस."

"नाही देत."

"दिलंस तर मी परत जाऊन उन्हात बसेन. कितीही शपथ घातलीस तरी बसेन."

भिंगरीला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांना मलम होतं, आणि मनगटापासून कोपरापर्यंत निम्मा हात अजून लावायचा राहिला होता.